रेव्हरंड नारायण वामन टिळक : दुभंगलेल्या काळातील एक पाळक

ज्या काळी सर्व लोक एका मताने चालतात, त्या काळी पुढारीपण करणे फारसे अवघड नसते. वारा पाठीशी असला म्हणजे नाव आपोआप चालते व नावाड्याचे कौशल्य कोणास दिसत नाही. परंतु वारा दोहों बाजूंनी वाहू लागला, नावेतील माणसे आपसांत भांडू लागली, आणि तीरावरील लोकही संशयाने पाहू लागले, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याची खरी परीक्षा होते. मंडळीच्या पाळकाची गोष्ट अशीच आहे. देशात राजकारणाने दोन तट पडले असता मंडळीचा कळप सांभाळावयाचा, सत्य सोडावयाचे नाही आणि प्रेमही सोडावयाचे नाही, हे काम किती कठीण आहे हे ज्याचे त्यासच ठाऊक. महाराष्ट्रात हे काम ज्यांनी केले, व ते करिताना स्वतः पुष्कळ सोसले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र यंदाच्या अंकात सादर करावे असे आम्ही योजिले आहे. ते पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

विद्यार्थिमित्रहो, टिळकांचे नाव तुम्हांस अपरिचित नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांची एखादी कविता क्रमिक पुस्तकात वाचली असेल, आणि जे ख्रिस्ती कुटुंबांत वाढले आहेत त्यांनी तर त्यांची पदे आईच्या मांडीवरच ऐकली असतील. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. परंतु कवी टिळकांच्या मागे पाळक टिळक झाकून गेले आहेत. आज आम्हांस त्या दुसऱ्या टिळकांविषयी विशेष सांगावयाचे आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असणारी होती. मुलाच्या मनात कवितेचे बीज तिनेच पेरले. परंतु आईचे छत्र त्यांच्या बाळपणीच हरपले, आणि त्या दुःखाने व्याकुळ होऊन त्यांनी कोवळ्या वयातच घर सोडिले. ते नाशिकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे व काव्याचे अध्ययन केले. आपल्याजवळ पैसा नाही, पाठीशी कोणी नाही, तरी विद्या सोडावयाची नाही, हा त्यांचा निश्चय आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी असे ठेविले गेले. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. संसार सुरू झाला, परंतु टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा एखाद्या मासिकाचे संपादक, असे त्यांचे दिवस चालले होते. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजवंतास घरातील असेल ते देऊन टाकावे, आणि घरी चूल कशी पेटेल याची विवंचना पत्नीवर सोपवावी, असा त्यांचा स्वभाव होता. रागही त्यांस लवकर येई व लवकरच ओसरे. चरित्रलेखकाने थोर माणसाचे दोष झाकू नयेत असे आमचे मत आहे. स्वतः लक्ष्मीबाईंनीही ते झाकलेले नाहीत, आणि त्यामुळे टिळकांविषयीचा आदर रतिभरही उणा झालेला नाही.

या भटकंतीत एक गोष्ट मात्र स्थिर होती, ती म्हणजे धर्माचा शोध. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाचे कल्याण कोणत्या धर्माने होईल, हा प्रश्न त्यांस रात्रंदिवस छळीत असे. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास असताना त्यांस जुन्या संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह पाहावयास मिळाला. आपणच एक नवा धर्म स्थापावा, त्यात जातिभेद नसावा, सर्वांनी एकमेकांस भावंडे मानावे, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते. अशा मनःस्थितीत १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराचे पुस्तक दिले व दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. तो गृहस्थ कोण होता हे पुढे कधीच समजले नाही. टिळकांनी ते पुस्तक प्रथम केवळ शब्द पाळावयाचा म्हणून वाचावयास घेतले. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांच्याने पुस्तक खाली ठेववेना. जे प्रश्न त्यांस सुटत नव्हते त्यांची उत्तरे त्यांस तेथे दिसू लागली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत पुढील सर्व टिळक बीजरूपाने आहेत. परदेशी मिशनरी उपलब्ध असताही त्यांनी एतद्देशीय पाळक रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्त सर्व जगाचा आहे, तो कोणा गोऱ्या लोकांनी आणिलेला पाहुणा नव्हे, आणि त्याच्याकडे जावयास आपल्याच माणसाचा हात पुरे, ही त्यांची श्रद्धा त्या पहिल्या दिवसापासूनची होती.

परंतु या निश्चयाची किंमत फार मोठी होती. पत्नी व लहानगा दत्तू यांस ते मुकले. लक्ष्मीबाईंस हा आघात सहन झाला नाही. नातलगांच्या आधाराने त्यांनी पाच वर्षांच्या सुमारास वियोगाचा काळ काढिला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, की कोर्टकचेरीची भाषा केली नाही. त्यांनी पत्रे लिहिली, कविता लिहिल्या व वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या त्या सोवळेओवळे सांभाळूनच. टिळकांनी तेही चालू दिले. अखेर स्वतःच्या विचाराने त्यांनी जातीचे बंधन टाकिले व १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पाळकपदाची दीक्षा टिळकांस पुढे मिळाली, परंतु मतभेद असताना दुसऱ्याच्या अंतःकरणास बळाने हात लावावयाचा नाही, हा पाळकाचा पहिला धडा ते आपल्या घरातच शिकले होते असे आम्हांस वाटते.

अहमदनगर हे त्या काळी अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे होते. या मिशनचे पहिले उपदेशक १८१३ साली मुंबईत उतरले, व १८३१ सालापासून नगरास त्यांचे काम सुरू झाले. टिळक तेथे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात नगर जिल्ह्यातील मिशनच्या आश्रमांत पोरक्या मुलांची गर्दी झाली, आणि टिळक दांपत्याच्या घरासही अशा मुलांचा शेजार लाभला. आपले व परके हा भेद त्या घरी फारसा उरला नव्हता. १९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा देण्यात आली.

आता तो काळ कसा होता ते पाहिले पाहिजे, म्हणजे या पाळकापुढील अडचण समजेल. १९०५ साली बंगालची फाळणी झाली व स्वदेशीची लाट साऱ्या देशात उसळली. १९०७ साली सुरतेस राष्ट्रीय सभा मवाळ व जहाल अशी फुटली. १९०८ साली लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून मंडालेस पाठविण्यात आले. १९०९ साली नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. पुढे १९१४ ते १९१८ पर्यंत महायुद्ध चालले, आणि १९१६ पासून होमरूलची चळवळ गावोगाव पोहोचली. महाराष्ट्रात क्वचितच एखादे घर असे असेल की ज्यात या प्रश्नावर वाद झाला नाही.

ख्रिस्ती मंडळीची स्थिती या वादात सर्वांत विचित्र होती. बाहेरचे लोक म्हणत की, ज्याने साहेबाचा धर्म घेतला तो साहेबाचाच झाला, त्यास देशाशी काय कर्तव्य? आतले काही लोक म्हणत की, ज्या सरकारच्या छायेत आपणांस शाळा, दवाखाने व मानाने जगण्याची संधी मिळाली त्याच्याविरुद्ध ब्र काढणे हा कृतघ्नपणा होय. हे म्हणणाऱ्यांत गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेले लोक होते, आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. स्वराज्य आले तर ते कोणाचे राज्य येईल, असा त्यांचा प्रश्न होता. उलट काही तरुणांस वाटे की, मंडळीने उघडपणे देशाच्या बाजूस उभे राहिले पाहिजे. काही वडीलधाऱ्यांचे मत असे की, पाळकाने राजकारणाचे नावच घेऊ नये, प्रार्थना करावी व स्वस्थ राहावे. अशा चार वाटा फुटल्या असता पाळकाने व्यासपीठावर उभे राहून काय बोलावे? टिळक या आडनावामुळे तर आमच्या चरित्रनायकांकडे दोन्ही पक्ष अधिकच बारकाईने पाहत असतील यात नवल नाही.

टिळकांनी या चारही वाटांहून निराळी वाट धरिली. तिचे स्वरूप आम्ही आमच्या शब्दांत असे सांगू. पहिली गोष्ट, देशावर प्रेम करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. तो कोणत्या एका पक्षाचा हट्ट नव्हे. ख्रिस्तास शरण गेल्याने माणूस आपल्या मातीस पारखा होत नाही, उलट त्या मातीचे ऋण त्यास अधिक जाणवते. त्यांनी स्वदेशावर उत्कट कविता लिहिल्या, आणि त्या हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत वाचल्या गेल्या. दुसरी गोष्ट, देशप्रेमासाठी द्वेषाची गरज नाही. त्यांच्या लेखणीने कोणास शस्त्र धरावयास सांगितले नाही, की कोणा जातीस शत्रू ठरविले नाही. तिसरी गोष्ट, मंडळी ही सरकारची नव्हे, मिशनचीही नव्हे व राष्ट्रीय सभेचीही नव्हे. ती ख्रिस्ताची आहे, आणि म्हणून तिने स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या खर्चाने उभे राहिले पाहिजे.

या तिसऱ्या गोष्टीमुळेच त्यांचा मिशनशी मतभेद झाला. मिशनरी लोक प्रेमळ होते, विद्वान होते व त्यांपैकी कित्येक टिळकांचे जिवलग स्नेही होते. परंतु मंडळीच्या नाड्या परक्या हातांत राहिल्या तर येथील ख्रिस्ती लोक सदैव अज्ञान बालकाप्रमाणे राहतील, असे टिळकांस वाटे. मायबापांची भूमिका सोडून भावाची भूमिका घ्या, असे त्यांनी मिशनऱ्यांस गद्यात सांगितले आणि पद्यातही तिखट शब्दांत सुनावले. हाच प्रश्न त्या सुमारास इतरत्रही विचारला जात होता. १९१० साली एडिंबरो येथे जगातील मिशनांची मोठी परिषद भरली. तीत तिनेवेल्लीकडील एक तरुण पाळक, व्ही. एस. अझराया, यांनी परदेशी उपदेशकांकडे दानधर्माहून अधिक अशी एक गोष्ट मागितली, ती म्हणजे मैत्री. हेच अझराया १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळीतील ते पहिले भारतीय बिशप होत. त्यांचे दोर्नकल हे ठिकाण निजामाच्या राज्यात होते, व आमचे हिंगोली गावही त्या वेळी त्याच राज्यात होते, म्हणून त्यांचा उल्लेख येथे विशेष जिव्हाळ्याने करावासा वाटतो.

टिळकांचे मोठेपण असे की, ते नुसते बोलून थांबले नाहीत. मंडळी येथील व्हावयाची तर तिची उपासना येथील पाहिजे, हे त्यांनी करून दाखविले. त्या काळी कित्येक ठिकाणी इंग्रजी चालींवर मराठी शब्द कसेबसे बसवून गाइले जात. खेड्यातील माणसास ते गाणे ना जिभेवर रुळे, ना अंतःकरणास शिवे. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी त्यापूर्वीच घातला होता. टिळकांनी त्यावर इमारत चढविली. अभंग, ओवी, पदे, भजने, आरत्या अशी रचना त्यांच्या लेखणीतून सारखी वाहू लागली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात दोनशेंहून अधिक पदे त्यांची आहेत. तुकारामबोवांच्या अभंगांनी आपणांस ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आणिले, ते अभंग आपणांस पुलाप्रमाणे झाले, असे ते मानीत. आपल्या पूर्वजांच्या भक्तीची निंदा करून ख्रिस्ताचा महिमा वाढतो असे त्यांस कधी वाटले नाही.

ही गोष्ट आम्हां हिंगोलीकरांस सहज पटावी. नामदेवांचे नरसी आमच्या जिल्ह्यात आहे, आणि ज्या विसोबा खेचरांपाशी त्यांस गुरूपदेश मिळाला त्यांचे औंढा नागनाथही येथेच आहे. नामदेवांस देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, ते मागील बाजूस जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी औंढ्याची आख्यायिका आमच्या मुलांस ठाऊक आहे. आख्यायिकेचे मर्म असे की, भक्तास ज्यांनी मागे लोटिले त्यांच्याकडे देवाची पाठ झाली. टिळकांस एका बाजूने जातीने बाहेर लोटिले व दुसऱ्या बाजूने त्यांची देशी राहणी आणि देशी बोल कित्येक धर्मबंधूंस रुचले नाहीत. तरी ते गात राहिले, आणि काही वर्षांनी सारी मराठी मंडळी त्यांचीच पदे गाऊ लागली.

१९१२ साली ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले. हे पत्र १८४२ साली नगरास निघाले, व मराठीतील अगदी जुन्या नियतकालिकांत त्याची गणना होते. संपादक म्हणून टिळकांनी मंडळीच्या प्रश्नांची चर्चा मोकळेपणाने केली. दुभंगलेल्या काळात पुढाऱ्यास दोन मोह होतात. एक, सर्वांस गोड वाटेल असे बोलावे. दुसरा, आपल्या बाजूच्या लोकांस टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असे बोलावे. टिळकांनी हे दोन्ही मोह टाळिले. मिशनऱ्यांस जे सांगावयाचे ते त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या पत्रात सांगितले, आणि आपल्या लोकांस आळस, परावलंबन व जातीचा उरलेला अभिमान यांविषयी तितक्याच स्पष्टपणे फटकारिले. ज्याच्या टीकेचा पहिला वाटेकरी स्वतःचा पक्ष असतो त्याची टीका परक्यांनाही ऐकावी लागते.

त्यांच्या घराचे दार सर्वांस उघडे असे. मराठी कवितेतील त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हे तरुणपणी टिळकांच्या घरी नगरास राहत होते. टिळकांनी त्यांस पुत्राप्रमाणे वागविले व लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, व त्यामुळे त्या घरातील त्यांचे स्थान कमी झाले नाही. धर्मांतराच्या नावाने समाजात संशय धुमसत असता एका पाळकाच्या घरी एक हिंदू कवी निर्भयपणे वाढला, हे व्याख्यानाहून मोठे उत्तर होते.

तथापि वेतन व स्वातंत्र्य ही दोन्ही एका हातात फार दिवस राहत नाहीत. मिशनकडून पगार घ्यावयाचा आणि मिशनच्या धोरणावर टीका करावयाची, हे टिळकांच्या मनास डाचू लागले. १९१७ च्या सप्टेंबरात त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय छप्पन्न वर्षांच्या घरात, प्रकृती ढासळलेली, गाठीस पैसा नाही, अशा स्थितीत त्यांनी ख्रिस्ती संन्याशाचे व्रत घेतले व साताऱ्यास बिऱ्हाड केले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाचा बंधुसमाज आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्यात जागा होती. जो ख्रिस्तास गुरू मानितो तो आपला भाऊ, अशी त्याची बैठक होती.

येथे आम्ही वाचकांस थोडे थांबावयास सांगतो, कारण टिळकांच्या चरित्रातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. मंडळीतून बाहेर पडून नवी मंडळी काढणे टिळकांस अवघड नव्हते. त्यांचा लौकिक मोठा होता, लेखणीत जोर होता, वाणीने हजारो लोक डोलत. त्यांनी हाक दिली असती तर नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत उभी फूट पडली असती. परंतु त्यांनी तसे केले नाही. दरबार हा नवा पंथ नव्हे, ज्याने त्याने आपापल्या मंडळीत राहावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी पगार सोडिला, पण प्रभूचे मेज सोडिले नाही. मिशनची चाकरी सोडिली, पण मिशनऱ्यांची मैत्री सोडिली नाही. आणि मिशनच्या बाजूनेही मनाचा तसाच मोठेपणा दिसला. राजीनाम्यानंतरही ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाची लेखणी त्यांच्याच हाती राहिली. ज्याने आपणांस बोल लाविला त्यासच आपले पत्र चालवू द्यावे, असे करणारे लोक कोणत्याही पक्षात थोडेच आढळतात. मतभेद म्हणजे वैर नव्हे हे दोन्ही बाजूंनी कृतीने सिद्ध केले.

दरबाराचा अनुभव त्यांस फार काळ घेता आला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस जे. जे. रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. त्यापूर्वी महिन्याच्या आतच, १३ एप्रिल रोजी, अमृतसर येथे जालियनवाला बागेत गोळीबार झाला होता व सारा देश शोकाने व संतापाने पेटला होता. अशा वेळी द्वेषावाचून देशप्रेम शिकविणारा एक आवाज बंद पडला. आपल्या देहास अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे झाले, व त्यांच्या अस्थी नगरास नेण्यात आल्या. त्यांच्या मागे दरबार फारसा टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभारलेले काम त्या माणसाबरोबर मावळते, हाही पुढारीपणाचा एक धडाच आहे.

परंतु टिळकांचे काम तेवढेच नव्हते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभिले होते, ते आरंभीच्या अध्यायांपाशी अपुरे राहिले होते. ज्या लक्ष्मीबाई लग्नाच्या वेळी जेमतेम अक्षरओळख असलेल्या होत्या, त्यांनी पतीच्या पश्चात पुढील ६४ अध्याय लिहून ते तडीस नेले. ‘स्मृतिचित्रे’ लिहून त्यांनी मराठी गद्यातही आपले स्थान अढळ केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. पाळकाचे यश त्याच्या सभेतील गर्दीवरून मोजू नये. त्याच्या सहवासातील माणसे किती वाढली यावरून मोजावे. त्या मापाने टिळक फार मोठे ठरतात.

टिळकांनी जो प्रश्न विचारिला तो त्यांच्याबरोबर संपला नाही. १९३२ साली ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने भारतीय ख्रिस्ती लोकांस स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले, तेव्हा आपल्या लोकांचा फायदा कोणास नको, असे पुष्कळांस वाटले. परंतु बिशप अझराया यांनी त्यास विरोध केला. मंडळी ही एक राजकीय जात बनली तर शेजाऱ्यापाशी शुभवर्तमान घेऊन जाण्याचे तोंड तिला राहणार नाही, हे त्यांनी ओळखिले. पुढे संविधानसभेत तिचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी या ख्रिस्ती गृहस्थांनी राखीव जागांचा हट्ट धरिला नाही, व शेजाऱ्यांच्या सद्भावावर विश्वास ठेविला. मिशन व मंडळी यांच्या संबंधाचा प्रश्नही हळूहळू सुटत गेला. १९७० साली नागपूर येथे निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि येथील मंडळीचा कारभार येथील लोकांच्या हाती असावा हे टिळकांचे स्वप्न पुष्कळ अंशी खरे झाले. पुष्कळ अंशी असे आम्ही म्हणतो, कारण परक्या हातांतून सुटलेल्या नाड्या आपल्याच लोकांनी एकमेकांच्या गळ्यांभोवती आवळाव्या, असेही कोठे कोठे घडते. सत्तेचा रंग बदलला म्हणून तिचा मोह बदलत नाही.

आमच्या या भागाने दुभंगलेला काळ स्वतः पाहिला आहे. निजामी राज्याच्या अखेरच्या दिवसांत शेजारी शेजाऱ्यास भीत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते पर्व संपले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले हिंगोली १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्या जुन्या दिवसांच्या आठवणी आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत पोहोचल्या आहेत, आणि त्यांचे तात्पर्य एकच आहे. संकटकाळी ज्या घरांनी धर्म न विचारता दार उघडिले त्यांची नावे लोक विसरत नाहीत. आजही निवडणुका येतात, मते फुटतात, एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांच्या घरी निरनिराळे झेंडे लागतात. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळी संख्येने अगदी थोडी आहे. थोड्या लोकांस मोठ्या बाजूच्या आड लपण्याचा मोह होतो, किंवा सर्वांपासून दूर कोपऱ्यात बसण्याचा मोह होतो. टिळकांचे चरित्र सांगते की, या दोहोंपैकी एकही मार्ग मंडळीचा नव्हे. मिठाने डब्यात राहू नये आणि समुद्रात विरूनही जाऊ नये. त्याने अन्नात उतरावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या पाळक होतील, काही शिक्षक, काही सरपंच, काही कदाचित आमदारही होतील. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, पुढारीपण तुमच्या वाट्यास आले तर टिळकांच्या या चार गोष्टी ध्यानी धरा. विरुद्ध मताच्या माणसाचे अंतःकरण बळाने उघडू नका, लक्ष्मीबाईंसाठी टिळक थांबले तसे थांबा. टीका करावयाची तर आरंभ आपल्या घरापासून करा. जे बोलाल त्याची किंमत दुसऱ्याकडून न घेता स्वतःच्या पदरची द्या. आणि वाद कितीही विकोपास गेला तरी एका मेजावर बसण्याचे सोडू नका. देश दुभंगला असता जो आपल्या मनात दुभंगत नाही तोच दुसऱ्यांस सांधू शकतो. असे सांधणारे हात आमच्या शाळेतून निघोत, एवढेच प्रभूपाशी मागून आम्ही हे चरित्र पुरे करितो.